कपाट आणि एक धाव

आमचे हे देशाकडून क्रिकेटचा एक सामना खेळलेत, हे शेजाऱ्यांनासुद्धा सांगावं लागतं. एकही चेंडू न खेळता धावबाद झाले, परत कुणी बोलावलं नाही. समोर फलंदाज होता माझा सख्खा भाऊ. तो दोन सामने खेळला, दोन्हींत मिळून चार धावा, तरी स्वतःला सिनियर समजतो. 'ये, ये' करत त्याने यांना अर्ध्या खेळपट्टीपर्यंत आणलं, मग 'नको' म्हणाला, आणि वर पेपरवाल्यांना सांगितलं, "धाव होती. हाच मधे थांबला."

काल दोघं मिळून कपाट जिन्यावरून चढवत होते. भाऊ वर, हे खाली. वळणावर यांनी कपाट भिंतीला टेकवलं.

"आधी कबूल कर, चूक कुणाची होती. त्याशिवाय मी हलत नाही."

"अहो, पडेल ते!" मी खालून ओरडले.

"पडू दे. तीस वर्षं वाट बघतोय."

भावाचे हात भरून आले होते. "बरं दाजी, माझीच चूक. झालं समाधान? आता मी 'या' म्हटलं की बिनधास्त या."

यांचा चेहरा शतक ठोकल्यासारखा उजळला.

"या, या, या दाजी... नको! मागे, मागे!"

पायाला प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, "हे झालं कसं?"

भाऊ म्हणाला, "जागा होती हो, डॉक्टर. हेच मधे थांबले."