खाटेजवळची घंटी

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात प्रत्येक खाटेला घंटी बसवली, तेव्हा आमदारांनी फीत कापून पहिली घंटी स्वतः वाजवली. नंतर फारशी कुणी वाजवली नाही. उभा जन्म मेंढरांना हाका मारण्यात गेलेल्या नाथाजींना मंगल सिस्टरनं खाटेजवळचं बटण दाखवलं. “आबा, उठायचं असलं की दाबा.” आबा हसले. “घंटी वाजवून माणसं बोलवाय मी काय सायेब हाय?” दुपारी ते एकटेच लघवीला उठले, पडले आणि त्यातच गेले. चौकशी समिती बसली. अध्यक्षांनी घंटी वाजवून चहा मागवला आणि ठरवलं, यापुढे सिस्टरनीच तासातासाला प्रत्येक रुग्णाला जाऊन विचारायचं. वर्षभरानं नाथाजींची बायको अंजना दुखरा गुडघा घेऊन त्याच खाटेवर आली. मंगलनं वाकून विचारलं, “आजी, लघवीला जायचंय?” म्हातारीनं तिचा हात धरला. “व्हय गं बाई. आमच्या मालकास्नीबी जायाचं हुतं.”