टेकडीआडची तुकडी

२००४ सालचा ऑक्टोबर होता. स्टुडिओच्या दारातच सगळ्यांचे मोबाइल काढून घेऊन एका ट्रेमध्ये ठेवत होते. ते पाहिल्यावर एव्हरिलनं सकाळपासून घट्ट धरलेली पर्स जरा सैल सोडली.

तिचा नवरा क्लिफर्ड मात्र कुरकुरला. क्रेगचा फोन आला तर? क्रेग त्यांचा एकुलता एक मुलगा, सहा महिन्यांपासून फौजेबरोबर इराकात बसऱ्याला होता.

"तो रविवारी करतो," एव्हरिल म्हणाली. "आज मंगळवार आहे."

त्या काळी घरात टीव्हीचा पडदा एकच असायचा आणि संध्याकाळी सगळे त्याच्यासमोर ताटं घेऊन बसायचे. या कार्यक्रमाची तर वाट बघत बसायचे. जुन्या काळातली एखादी लढाई संगणकावर मांडायची, हत्ती, घोडे, पायदळ सगळं हलतं करायचं, आणि साध्या घरांतून आलेल्या माणसांना सेनापती करून ती पुन्हा लढवायची. क्लिफर्ड डॉनकॅस्टरला बस चालवायचा. कार्यक्रमासाठी त्याचं नाव क्रेगनंच जाण्याआधी पाठवलं होतं. इथं सोफ्यावर बसून ओरडण्यापेक्षा तिथं जाऊन ओरडा, म्हणाला होता.

पोरगा तिकडे गेल्यापासून क्लिफर्डच्या हृदयानं दोनदा दगा दिला होता. त्याच्या गोळ्या एव्हरिलच्या पर्समध्ये असत. पण आज त्याचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला होता. सकाळी तो डेपोतल्या डेस्मंडला, त्यांच्या संघातल्या तिसऱ्या गड्याला, आणायला गेला, आणि परतला तेव्हा एव्हरिल सिंकपाशी तीन कप विसळत उभी होती.

"तीन-तीन कप चहा ढोसलास? आता लंडनपर्यंत दर मैलाला गाडी थांबवावी लागणार, बये."

वाटेत डेस्मंडनं रेडिओ लावला. डोकं दुखतंय म्हणून तिनं तो बंद करायला लावला.

लढाई निघाली झामाची, रोमनांविरुद्धची, आणि यांच्या वाट्याला आला हॅनिबल, म्हणजे मुळात हरलेली बाजू. खेळणाऱ्यांनी यंत्राला हात लावायचा नाही असा तिथला नियम होता. हुकूम मोठ्यानं बोलायचा, मग शेजारी बसलेली मुलगी तो यंत्रात घालणार. न बोललेला हुकूम कुणी पाळत नसे. तुकड्या लक्षात राहाव्यात म्हणून क्लिफर्डनं सगळ्यांना नावं दिली. हत्ती झाले डबलडेकर. पायदळ झालं सकाळची पाळी. टेकडीआड राखून ठेवलेले थोडे घोडेस्वार त्यानं एव्हरिलच्या हाती दिले आणि त्यांचं नाव ठेवलं क्रेगची पोरं.

एव्हरिलनं पडद्याकडे पाहिलं. टेकडीआड घोडे शेपट्या हलवत उभे होते.

मधल्या सुटीत एक मुलगी येऊन म्हणाली, ट्रेमधला एक फोन सारखा वाजतोय, क्लिफर्डसाहेबांचा आहे. तो उठायच्या आत एव्हरिल उठली. परत आली तेव्हा म्हणाली, तुझी बहीण होती, उगाच. फोन बंद करून ठेवलाय.

क्लिफर्डनं तिचा हात आपल्या हातात घेतला. तो बर्फासारखा गार होता.

"घाबरतेस कशाला एवढी? वाईट बातमी फोनवर नाही येत, ठाऊक आहे ना तुला? फौजेचे दोघं जण येतात, दारात उभे राहतात. आणि आपण दाराशी आहोतच कुठे? आज आपल्याला कुणी गाठू शकत नाही."

तेवढ्यात स्टुडिओचं जाड दार उघडलं आणि काळ्या कोटातले दोघं जण आत आले. तिच्या हातून कागदी पेला सुटला, कॉफी क्लिफर्डच्या बुटांवर सांडली. ते दोघं वर बघत दिव्यांचं काहीतरी बोलले आणि निघून गेले.

"वहिनी, शत्रू समोर आहे, सेनापतीला का भाजताय?" डेस्मंड म्हणाला.

दुसऱ्या डावात हत्ती बिथरून आपल्याच माणसांवर उलटले. सकाळची पाळी मधोमध कापली जाऊ लागली. क्लिफर्ड घामाघूम झाला होता, पण डोळे लकाकत होते.

"आता, एव्हरिल. क्रेगच्या पोरांना सोड."

शेजारची मुलगी बोटं तयार ठेवून वाट पाहू लागली. एव्हरिलनं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

"अगं, बोल ना. नुसतं 'चला' म्हण."

तिनं नकारार्थी मान हलवली. मैदान लाल झालं, झेंडे पडले, आणि पडद्यावर रोमनांचा विजय झळकला. सूत्रसंचालक रूपर्टनं तिला विचारलं, ते घोडेस्वार कशासाठी राखून ठेवले होते? ती पडद्यावरच्या टेकडीकडेच बघत राहिली. तेव्हा क्लिफर्डनंच तिच्या खांद्यावर हात टाकला आणि कॅमेऱ्याकडे बघून मोठ्यानं हसला.

"लढाई गेली तर गेली. आमच्या पोराची माणसं तेवढी जिवंत राहिली."

घरी पोचेपर्यंत तो हत्तींबद्दलच बोलत होता.

तो भाग कधी दाखवलाच नाही, पण रूपर्टनं त्याची टेप पाठवून दिली. पुढे रूपर्ट बागकामाच्या कार्यक्रमात दिसू लागला. डेस्मंड निवृत्त होऊन ब्रिडलिंग्टनला समुद्राकाठी राहायला गेला, आणि अजून कुणी भेटलं की हत्तींची गोष्ट सांगतो. क्लिफर्ड आणखी सहा वर्षं जगला. ती टेप तो पुन्हा पुन्हा लावायचा आणि स्वतःच्या हसण्यापाशी थांबवायचा. क्रेगचं नाव चर्चबाहेरच्या स्मारकावर, जुन्या युद्धांतल्या नावांखाली कोरलेलं आहे. त्याच्यापुढची तारीख त्या मंगळवारच्या आदल्या दिवसाची आहे.

एव्हरिल अजून त्याच घरात राहते. क्लिफर्डला तिनं कधी सांगितलं नाही, की त्या सकाळी तो डेस्मंडला आणायला गेला तेवढ्यात दारावरची घंटा वाजली होती, आणि आलेल्या दोघांना चहा देऊन तिनं हात जोडले होते, की माझ्या नवऱ्याला आजचा एक दिवस द्या, संध्याकाळी या.