अकरा सेकंदांचा तुकडा

बिस्किटांच्या डब्यात प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या होत्या, एकीच्या आत दुसरी. आतल्या पिशवीत रुमाल. रुमालात तीन डांबरगोळ्या आणि फिल्मची एक गुंडाळी. फिल्म तपासनीस बाईनं हातमोजे चढवून गुंडाळी उलगडली आणि फ्रेम मोजल्या. दोनशे चौसष्ट भरल्या. सेकंदाला चोवीस, म्हणजे अकरा सेकंद. शेजारी टेबलावर संध्याकाळच्या खेळाचं चौथं रीळ होतं. त्याच्या तपासणीच्या कागदावर ‘कमी’ या शब्दापुढे लिहिलेला आकडाही दोनशे चौसष्टच होता.

खोलीत व्हिनेगरसारखा आंबट वास पसरला.

“डबा किती वर्षं बंद होता?”

“एकतीस,” समोरच्या स्टुलावरची म्हातारी म्हणाली. एका थिएटरात तिनं डोअरकीपरचं काम केलं होतं. अंधारात टॉर्च दाखवून लोकांना खुर्चीवर बसवायचं. “हवा लागू नये म्हणून झाकणाला वरून चिकटपट्टी लावली होती. दर वर्षी नवी.”

फिल्मला हवा लागते. कोंडून ठेवली की ती स्वतःच्याच वाफेत आंबते आणि आखडते. तपासनीस हे सांगणार होती, पण सकाळी आठपासून मान खाली घालून तिनं तीन रिळं तपासली होती. तिनं नुसतं झाकण बाजूला सरकवलं.

“सिनेमा लागल्याच्या दुसऱ्या आठवड्यात थिएटरच्या मालकांनी हा तुकडा काढायला लावला,” म्हातारी म्हणाली. “अश्लील म्हणे. अहो बाई, सिनेमातला काळ शंभर वर्षांपूर्वीचा, त्यात कडाक्याची थंडी. दोघींच्या अंगावर मिळून चौदा कपडे! मी मोजलेत. रोज चार खेळ उभ्यानं बघायची मी.”

“कापला कोणी?”

“आमच्या हिनं. प्रोजेक्टरवर ऑपरेटर होती ना ती. नोकरीचा प्रश्न, करते काय? पण शेवटपर्यंत तेच घोकत राहिली. ‘माझ्या हातानं कापलं गं.’ जेवताना तेच, झोपताना तेच. शेवटी म्हटलं, मी जोडून आणते, तू गप पड. मार्चमध्ये गेली.”

तपासनीसनं चष्मा काढून डोळे चोळले.

“मावशी, आता हा सिनेमा फोनवर अख्खा मिळतो.”

“ठाऊक आहे की. भाचीनं दाखवला. दर वर्षी मैत्रिणी जमवून बघते आणि दर वर्षी रडते. पण त्यात हिनं कापलेलंच नाही. मग जोडणार काय?”

दार ढकलून आजचा ऑपरेटर डोकावला. “ताई, चौथं रीळ? रांग पार कोपऱ्यापर्यंत गेलीय. तिकिटं संपली म्हणून सांगितलं, तरी पोरी हलायला तयार नाहीत. मी पंचवीस वेळा चालवला हा सिनेमा, एवढं काय आहे त्यात ते अजून कळलं नाही.”

“तुमच्या खिडकीतून लहान दिसत असेल,” म्हातारी म्हणाली.

“साडेचारला देते,” तपासनीस म्हणाली. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. दार लागलं.

तिनं तुकडा मोजपट्टीवर ताणला. कडेच्या शंभर भोकांचं अंतर चारशे पंच्याहत्तर मिलिमीटर असायला हवं. चारशे अडुसष्ट भरलं. तिनं पुन्हा मोजलं. चारशे अडुसष्टच.

“यंत्रात नाही जाणार, मावशी. दीड टक्का आखडलाय. चाकाचे दात भोकांत बसणार नाहीत. हा तर फाटेलच, वर रिळालाही फाडेल.”

म्हातारीनं रुमालाची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.

“म्हणजे मी उगाच सांगितलं तिला.”

तपासनीसनं घड्याळ पाहिलं. हे रीळ लवकर संपलं तर पंधरा मिनिटं बाकावर पाठ टेकायची, असं तिनं दुपारपासून ठरवलं होतं. तिनं ड्रॉवर ओढून जोडयंत्र काढलं.

“जोडते. यंत्रावर नाही, इथंच टेबलावर हातानं सरकवून बघू. पण बघून झालं की काढावा लागेल.”

“पुन्हा कापायचं?”

“या वेळी मी कापेन. तिच्या माथी नको.”

पहिला जोड बसला. मग दुसरा. तपासनीसनं काचेखालचा दिवा लावला, स्टूल जवळ ओढलं आणि भिंग म्हातारीच्या हातात दिलं. ठिसूळ झालेला तुकडा ती एकेक फ्रेम पुढे सरकवू लागली.

कंदील. चिखलानं भरलेले बूट. गुडघ्यांवर बसलेली एक बाई दुसरीच्या बुटांच्या ओल्या नाड्या सोडवतेय. वरून एक हात तिच्या केसांकडे येतोय.

“आता वर बघेल,” म्हातारी पुटपुटली. पाच फ्रेमनंतर तिनं वर पाहिलं.

एकशे एकाहत्तराव्या फ्रेमला गाल गुडघ्यावर टेकला.

“थांबा,” म्हातारी म्हणाली.

तपासनीस थांबली. बाहेर रांगेत कुणीतरी मोठ्यानं हसलं. दारावर दोनदा टकटक झाली. दोघींपैकी कुणीही ओ दिली नाही.

“हं. चला.”

दुसरा जोड काचेवर आला, तेव्हा तपासनीसनं सवयीनं घड्याळ पाहिलं आणि कागदावर ‘कमी’ या शब्दाखाली एक ओळ लिहिली.

तुकड्याची लांबी अकरा सेकंद. बघायला लागलेला वेळ सहा मिनिटं चाळीस सेकंद.