गुडघ्यांची कॅप्सूल

"मलाही दे की एक," म्हणत सोबतच्या म्हाताऱ्या बोक-नेनं हे-रानच्या सासूबाईंकडे हात पुढे केला आणि हे-रान दचकली.

समुद्रातून वर आलेल्या पाणबुड्या बायका दगडी आडोशात शेकत बसल्या होत्या. सगळ्यांत उबेची जागा हे-रानच्या सासूबाईंची, मल-सुनची. शेकोटीपाशी आणलेलं एकटीनं खायचं नाही, वाटायचं, हा कोरियातल्या जेजू बेटाच्या किनाऱ्यावरचा रिवाज. आणि सासूबाई आज नेमकी गुडघ्यांच्या कॅप्सूलची बाटली घेऊन आलेल्या! सोलच्या धाकट्या लेकानं पाठवलेली. रोज फोनवर त्याचं एकच, "आई, घेतलीस ना?"

सासूबाईंना हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. डॉक्टर म्हणाले होते, "या कोळंबीच्या कवचाच्या कॅप्सूलनी गुडघ्यांना गुण येईलच असं नाही. पण त्या गोळीबरोबर घेतल्या, तर रक्त थांबायचं नाही." पण सासूबाई ऐकतात कसल्या! "माझ्या लेकानं पाठवलंय, विष थोडंच आहे?" सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं आणि हे-रान भीतीनं अर्धमेली व्हायची. शेवटी तिनं गुपचूप सगळ्या कॅप्सूल रिकाम्या केल्या आणि त्यांत भाजलेल्या सातूचं पीठ भरलं. रक्त यायचं थांबलं. वर सासूबाई गावभर सांगत सुटल्या, "गुडघे कसे हलके झालेत म्हणून सांगू!"

बोक-नेला कॅप्सूल गिळता येत नसे. सासूबाईंनी दिलेली तिनं फोडली आणि पूड जिभेवर टाकली.

"अगं बाई! हे तर सातूचं पीठ!"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"आई, मी फार घाबरले होते हो," हे-रान रडायलाच लागली. "तुम्हाला काही झालं असतं तर?"

"मला पहिल्याच दिवशी कळलं," सासूबाई म्हणाल्या. "आधी त्या घेतल्या की कोळंबीचे ढेकर यायचे, ते बंद झाले."

"मग गुडघे बरे झाले म्हणत होतात ते?"

"ते रक्त बघून मीही भ्यायलेच होते. पण कॅप्सूल बंद केल्या असत्या, तर लेकाला काय सांगणार? खोटं बोलवत नाही त्याच्याशी; सातूची का होईना, 'घेतली' असं खरं सांगता यायचं. आणि दुखतंय म्हटलं असतं, तर कीव येऊन तू पुन्हा खरी पूड भरली असतीस."

मग जन्मात कुणाचा आधार न घेतलेल्या त्या बाईनं सुनेपुढे हात केला.

"आता उठव मला. गुडघे तेव्हाही ठणकत होते, आताही ठणकताहेत."