सातव्या ट्रेमधली फांदी

"सातव्या ट्रेमध्ये काय होतं? मोई! साऱ्या वर्गानं मोई लिहिलं आणि एकटीनं काकड. फरहीन, उभी राहा बरं," प्रेमसिंग सर म्हणाले.

फरहीन उभी राहिली. दाराशी घंटी धरून उभा असलेल्या संतरामला मात्र कुठं तोंड लपवू न् कुठं नको असं झालं. तीस वर्षं तो या प्रयोगशाळेत परिचर होता. झाडं ओळखायच्या परीक्षेसाठी रानातून फांद्या आणायच्या, नंबर लावून ट्रेमध्ये मांडायच्या, मिनिटामिनिटाला घंटी मारायची. पोरं ट्रेमागून ट्रे बघत झाडाचं नाव लिहीत पुढं सरकायची.

सरांनी पेपर स्वतःच केलेल्या यादीशी ताडून पाहिले होते. फांदीकडे बघतो कोण? नाव जुळलं की बरोबर, नाही जुळलं की चूक, संपलं काम. प्रतिक्षाला दहापैकी दहा, फरहीनला नऊ. वनखात्याच्या शिबिराला सेनगावच्या कॉलेजातून एकच जागा होती, ती प्रतिक्षाला गेली.

"आणि टाळ्या आपल्या संतराममामांसाठी!" सर म्हणाले. "चालतंबोलतं झाडांचं पुस्तक आहे हे!"

कडाडून टाळ्या झाल्या. फरहीननंही वाजवल्या. संतरामनं मान खाली घातली. साऱ्यांना वाटलं, मामा लाजले. लाजलेच होते म्हणा, पण पोरांना वाटलं तसे नव्हे.

काल सरांनी त्याला नरसी गावाच्या पुढच्या माळावर मोईच्या फांदीसाठी पाठवलं होतं. हा गडी गेलाच नाही. गुडघा दुखतोय अशी स्वतःचीच समजूत घातली, आणि आज सकाळी कॉलेजमागच्या ओढ्यावरून काकडाची फांदी मोडून आणली. दोन्ही झाडांचं पान पिसासारखं, मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी बारकी पानं. यादीवर भिस्त ठेवणाऱ्याला काय कळणार? फांदीला दोन गोल फळं होती. ती ओळख सांगतील म्हणून त्यानं तोडून खिशात टाकली. प्रतिक्षा आणि बाकीची पोरं दरसालसारखी काल चहा घेऊन आलीच होती, "मामा, उद्या काय काय आणून राहिलात?" म्हणत. त्यानं दहाही नावं नंबरासकट सांगून टाकली होती. फरहीन तेवढी विचारायला आली नव्हती.

वर्ग रिकामा झाला. संतराम घाईघाईनं ट्रे उचलू लागला. सातवा आधी उचलायचा, फांदी ओढ्यात फेकून द्यायची, विषय मिटला. तेवढ्यात फरहीन वही घेऊन आत आली.

"मामा, थांबा. फेकू नका ती."

"काहून गं बेटा? शिबिराचं मनाला लावून घेऊ नको. पुढच्या साली जाशील."

"पुढच्या साली मी इथं कुठं? शेवटचं वर्ष हाय माझं." ती हसली, पण डोळे भरलेलेच होते. "पहिली आलीस तर शिबिराला धाडतो, म्हणले होते अब्बा. जाऊ द्या. माझं काय चुकलं, तेवढं दाखवा."

तिनं फांदी उचलून त्याच्या हातात दिली.

"तुमीच शिकवलं होतं ना, मामा? कडेवरून बोट फिरवायचं. करवतीवानी दाते लागले तर काकड, साफ लागली तर मोई. मला दाते लागले. बघा बरं तुमी."

त्यानं बोट फिरवलं. दाते लागले. लागणारच की!

"फळ असतं तर एका घडीत समजलं असतं," ती म्हणाली.

संतरामचा हात खिशात गेला. फळं तिथंच होती, टणक, देठाशी अजून चिकट. बाहेर काढून तिच्या तळहातावर ठेवली की झालं. सरांची खोली समोरच होती, सर आतच होते. पण मग सर काय म्हणतील? तीस वर्षांचं पुस्तक रानात जायचा आळस करतं, पोरांना पेपर फोडतं आणि वर फळंही लपवतं? मघाशी वाजलेल्या टाळ्या त्याच्या कानात घुमत होत्या. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या लाजेनंच त्याचं तोंड बंद केलं.

"मामा?"

"मोईच हाय ती," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "झाड लई जुनं झालं ना... मंग कदी कदी येतात दाते. पुस्तकात नसतंय हे."

फरहीननं पान पुन्हा बोटांत धरलं. कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. कपाळाला आठी पडली. मग तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि आठी गेली.

"असं व्हय! म्हणजे माझीच चूक. मी उगंच सरांवर चिडले होते, मामा."

तिनं तिथंच टेबलावर वही उघडली आणि सुरेख अक्षरात लिहिलं : 'मोई. झाड जुने असल्यास पानाची कडा दातेरी असते.' थोडं थांबून तिनं कंसात घातलं : 'संतराममामा'. आणि कधी विसरू नये म्हणून त्या नावाखाली रेघ ओढली.