दीड मिनिट

वाचनालयाचा कॉम्प्युटर सुरू होताना दीड मिनिट नुसता थांबायचा. तेवढ्यात लिपिक घुगे पेपरातलं शब्दकोडं घ्यायचे. ग्रंथपाल बिडवईबाई कपाळाला आठ्या घालत अडलेले शब्द सांगायच्या.

"कामाचा खोळंबा होतो," म्हणत बाईंनीच एकदा कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने थांबण्याचा टायमर शून्यावर आणला. दुसऱ्या दिवशी बटण दाबताच स्क्रीन उजळला. घुग्यांनी कोरं कोडं घडी घालून खणात ठेवलं आणि पुस्तकांच्या नोंदी सुरू केल्या.

पाचव्या दिवशी घुगे यायच्या आत बाईंनी फोन लावला.

"तो टायमर परत दीड मिनिटावर आणा."

"का मॅडम, कॉम्प्युटर बिघडला का?"

"कॉम्प्युटर छान चालतोय हो," बाई म्हणाल्या, "घुगेच काही विचारेनासे झालेत."