नोंदवहीचं पुढचं पान

शाळेच्या शताब्दीनिमित्त तिचा इतिहास लिहायचं काम इतिहासाच्या शिक्षिकेकडे, चारुताकडे, आलं होतं. इंग्लंडमधल्या ज्या लहानशा गावात ही शाळा होती, तिथंच ती वाढली होती. तिची आईही याच शाळेत जायची. मुख्याध्यापकांची जुनी नोंदवही चाळताना १९७१ सालच्या एका पानावर ती थबकली. ‘प्रयोगशाळेला आग लावल्याबद्दल हेमलता विचारे हिला शाळेतून काढून टाकले.’

हेमलता विचारे म्हणजे तिची आई! अभ्यासाची आवडच नव्हती, म्हणून पंधराव्या वर्षी मोज्यांच्या कारखान्यात कामाला लागले, असं आयुष्यभर सांगत आलेली आई.

चारुतानं पान उलटलं. पुढची नोंद आठ दिवसांनंतरची, त्याच अक्षरातली होती. ‘आग जुनाट वायरिंगमुळे लागली होती, असे इलेक्ट्रिशियनने कळवले. विषय बंद.’

शाळा सुटताच तिनं आईचं घर गाठलं आणि दोन्ही नोंदी वाचून दाखवल्या. मटार सोलणारे आईचे हात जागीच थांबले.

“म्हणजे शाळेला कळलं होतं?”

“आठ दिवसांत. तू मला कधी सांगितलं का नाहीस, आई?”

“मी नाही लावली, म्हणून सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं. सख्ख्या बापाला पटलं नाही, तिथं तुला काय सांगायचं?”

“आता पुस्तकात या दोन्ही नोंदी छापणार मी.”

आईनं पुढची शेंग सोलायला घेतली.

“छाप,” ती म्हणाली. “पण माझे बाबा गेले गं. मरेपर्यंत मला आगलावी म्हणायचे.”